सातवी चिठ्ठी

रविवार, दिनांक १२ ऑक्टोबर २०२५. वेळ सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. साखरखेर्ड्याच्या घरी, बैठकीच्या खोलीत हजर माणसे सात, मतदार सहा.

सातवा माणूस धम्मदीप. वय सेहेचाळीस. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. शेजारी, भिंतीला टेकवलेल्या काळ्या पिशवीत त्याची बास गिटार उभी होती. जूनपासून तो चौथ्यांदा गावी आला होता. त्याआधी वर्षातून दोनदा यायचा. प्रत्येक वेळी सभा असली की तो याच खुर्चीवर बसे, सर्वांचे ऐके, आणि चिठ्ठ्या वाटल्या जात तेव्हा खिडकीबाहेर पाही.

त्रिशरण-पंचशील झाले. धम्मदीपचे वडील इंद्रभान यांनी चष्मा पुसला आणि सभेची वही उघडली. ही वही त्यांचे वडील रावजी आबा यांनी नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यानंतरच्या वर्षी सुरू केली होती. या घरात एकाच्या आवाजाने काही ठरणार नाही, हा तिच्यातील पहिला नियम. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला एक मत. सुनेला मत, लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही मत. मतदान गुप्त, चिठ्ठीने. नववा नियम असा : ठराव मोडणाऱ्याचे मत थांबेल, त्याचे ताट, अंथरूण आणि घर थांबणार नाही.

धम्मदीपचे मत नवव्या नियमाने थांबले होते. जून १९९९ मध्ये, विशीत असताना, पॉलिटेक्निकचे दुसरे वर्ष सोडून पुण्याच्या एका गायकाच्या वाद्यवृंदात जाण्याची परवानगी त्याने सभेकडे मागितली होती. नाही पाच, हो एक. तो एक होकार त्याचा स्वतःचा होता. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो गेला.

आजचा ठराव त्याच्या धाकट्या बहिणीचा, धम्मशीलाचा. ती लोणारला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. नियमाप्रमाणे तिने आठ दिवस आधी लेखी सूचना दिली होती. "धम्मदीप यांचे मत पूर्ववत सुरू करावे," एवढेच एक वाक्य. थांबलेले मत पुन्हा सुरू करायला दोन तृतीयांश होकार लागत. म्हणजे सहांपैकी चार.

लोणारहून येताना बसमध्ये धम्मशीलाने हिशेब मांडला होता. तिचे स्वतःचे एक. थोरल्या भावाची मुलगी मनाली, वीस वर्षांची, काकाची लाडकी, दोन. आई जनकाबाईंचे तीन. इथपर्यंत पक्के. थोरला भाऊ अविनाश नाही म्हणणार, हे फोनवरच कळले होते. आत्या शालूबाई आयुष्यभर आपल्या भावाच्या मताने चालत आलेल्या. म्हणजे चौथे मत वडिलांकडेच होते. आणि वडील नियमाचे माणूस. चौतीस वर्षे त्यांनी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला. मापात अर्ध्या मिलिमीटरची चूक असली तरी जॉब पुन्हा करायला लावणारे शिल्प निदेशक, अशी त्यांची ख्याती होती.

धम्मशीलाने भाषणाचे तीन मुद्दे तयार केले होते. सागरने, म्हणजे ज्याच्या मागे धम्मदीप सव्वीस वर्षे वाजवत आला त्या रॉक गायकाने, घशाच्या शस्त्रक्रियेनंतर गाणे थांबवले आहे. वाद्यवृंद मे महिन्यात विसर्जित झाला. ज्या कारणासाठी मत थांबले ते कारणच आता उरलेले नाही. तिसऱ्या मुद्द्याशी ती पोहोचली तेव्हा अविनाशने हात वर केला.

"कारण उरलं नाही म्हून मत द्याचं, हे मले पटत नाही," तो म्हणाला. "चोरानं दुकान बंद पडल्यावर चोरी सोडली, तं त्याले शाबासकी देतेत का?"

"पप्पा, काका चोर हाये का?"

"मिसाल दिली बापा मी. कॉलेजात मिसाल शिकवत नाहीत का तुले?"

जनकाबाई हसल्या. अविनाश हसला नाही. तो पन्नाशीचा, मेहकरच्या एसटी आगारात मेकॅनिक. चार वर्षांपूर्वी पत्नी गेल्यापासून तो आणि मनाली याच घरात राहत. आईच्या गुडघ्यांचे, वडिलांच्या कानाचे, आत्याच्या साखरेचे सगळे दवाखाने त्याच्याच मोटारसायकलवरून होत. वडिलांना नीट ऐकू यावे म्हणून तो उठून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसला आणि सावकाश बोलू लागला.

"दीपूशी माहं भांडण नाही. तो येते, जेवते, मायजवळ बसते. चांगलंच हाये. पन दोन हजार तीन साली याच खोलीत माहा ठराव आला होता. मलेही पुण्याच्या कारखान्यात बोलावलं होतं. तुमी समद्यायनं नाही म्हटलं, कारण धाकटा निघून गेला होता आन् कोनीतरी इथं पाह्यजे होतं. म्या ऐकलं. चिठ्ठ्या मोजल्या आन् दुसऱ्या दिवशी आगारात डब्बा घेऊन गेलो." त्याने सभेच्या वहीकडे बोट केले. "आज मोडणाऱ्याले मत वापस भेटते. मंग पाळणाऱ्याले काय भेटलं, तेवढं वहीत लिहा."

धम्मशीलाने तीन मुद्द्यांचा कागद दुमडून खाली पाहिले. मनालीनेही मान खाली घातली. सभेत असे होई. आपण ज्याच्या बाजूने आलो त्याच्यावरून नजर सरकून दुसऱ्याच माणसावर जाऊन थांबे.

थोड्या वेळाने मनालीने विचारले, काकाचे वाजवणे पप्पांनी कधी नीट ऐकले आहे का.

"ऐकलं ना. मोबाईलवर," अविनाश म्हणाला. "गाणं ऐकू येते, ढोल ऐकू येते. आपला दीपू मागं अंधारात काळे कपडे घालून उभा. तो वाजवून राह्यला का नुसता हालून राह्यला, तेच समजत नाही."

या वेळी धम्मदीपही हसला.

इंद्रभान यांनी विषयाला धरून बोलण्याची सूचना केली. मग, मत नसलेल्याला विचारल्याशिवाय बोलता येत नाही हा नियम लक्षात घेऊन, त्यांनी त्याला विचारले, "तुले काही सांगाचं हाये?"

"नाही, बाबा."

सांगण्यासारखे त्याच्याकडे पुष्कळ होते. पण ते या खोलीत कोणत्या शब्दांत मांडावे, हे त्याला इतक्या वर्षांत जमले नव्हते. पॉलिटेक्निकच्या होस्टेलवर गिटार वाजवणारे चौघे होते आणि बास कोणालाच नको होती, म्हणून ती त्याच्या गळ्यात पडली. चार जाड तारा. सूर इतका खालचा की ऐकणाऱ्याला तो कानाआधी छातीत कळतो. पहिल्या महिन्यात बोटांना फोड आले, दुसऱ्या महिन्यात घट्टे पडले, आणि तिसऱ्या महिन्यात त्याला उमगले की पुढचा माणूस वाटेल तिकडे भटकू शकतो, कारण मागे कोणीतरी जागा सोडत नाही. त्याला तेच आवडले. पुढे सागरच्या वाद्यवृंदात त्याची जागा ठरून गेली : ड्रमच्या डाव्या अंगाला, दोन पावले मागे, नजर ड्रमवाल्याच्या उजव्या पायावर. एकदा नाशिकला, आठ हजार माणसांपुढे, सागर कडवे विसरून गोंधळून आत निघून गेला. धम्मदीपने त्याच चार मात्रा साडेसहा मिनिटे फिरवत ठेवल्या. प्रेक्षकांना तो गाण्याचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्यांनी साथ दिली. सागर परतला, कडवे उचलले, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्या जागेचे कौतुक केले. नाव अर्थातच सागरचे होते. धम्मदीपला त्याचे वाईट वाटले नव्हते. नाव छापून येण्याची सवय लागली की हात घाईला येतो, असे त्याचे मत होते. पण हे मत विचारणारे कोणी नव्हते.

"मंग चिठ्ठ्या वाटा," इंद्रभान म्हणाले.

वाटपाचे काम पंचेचाळीस वर्षे शालूबाईंकडे होते. एरवी मनाली सहा चिठ्ठ्या मोजून त्यांच्या हाती देई; आज ती अविनाशशी बोलण्यात गुंतली होती, म्हणून शालूबाईंनी गठ्ठाच उचलला आणि डावीकडून सुरुवात केली. प्रत्येकाने भिंतीकडे तोंड करून लिहिले, घडी केली, पितळी डब्यात टाकली. इंद्रभान यांनी डबा पुढ्यात घेतला. उघडण्याआधी घड्या मोजायच्या, हा बारावा नियम. त्यांनी त्या ओळीने सतरंजीवर मांडल्या आणि बोट ठेवत मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"सात."

सगळे चिठ्ठ्यांकडेच पाहत राहिले. इंद्रभान यांना वाटले आपला आवाजच बाहेर पडला नाही, म्हणून ते पुन्हा म्हणाले, "सात भरतेत."

अविनाशने धम्मदीपकडे पाहिले. धम्मदीपने मान हलवून कबुली दिली. आत्याने हातात दिली, आणि दिली म्हणून आपण लिहिली, असे त्याने सांगितले. ती आपल्याला मिळायला नको होती, हे आत्ता कुठे त्याच्या लक्षात येत होते.

सगळ्यांची तोंडे शालूबाईंकडे वळली. त्यांनी पदर सावरला.

"मले काऊन पाहून राह्यले? वाटा म्हटलं, म्या वाटल्या. ओळीनं बसलेल्या मानसायत एकाले सोडून पुढं सरकाची सवय नाही माह्या हाताले. सव्वीस वर्षं मनाली नाही तं तिची माय मोजून देत होती, म्हून चुकलं नाही."

"आत्याबाई, ही पंगत व्हय का?" अविनाश म्हणाला.

"मले काय मालूम. बसनं तं तसंच हाये."

मोजणीत फरक पडला तर सर्व चिठ्ठ्या बाद, अर्धा तास विश्रांती, पुन्हा मतदान. वहीत हे आधीपासून लिहिलेले होते, पण अडुसष्ट वर्षांत त्याची गरज पडली नव्हती. इंद्रभान यांनी तसे जाहीर केले. ते चिठ्ठ्या गोळा करू लागले तेवढ्यात अविनाशने हात पुढे केला.

"बादच हायेत ना? मंग दीपूची मले पाह्यची हाये."

ती ओळखणे अवघड नव्हते. बाकीच्यांनी चौकोनी घडी केली होती. एकाने लांबट केली होती. अविनाशने ती उघडली, वाचली, पुन्हा वाचली. मग उलटी करून सर्वांना दाखवली. तिच्यावर लिहिले होते :

"नाही."

धम्मशीलाला राग आला. आठ दिवस ती या एका मतासाठी आईला, मनालीला, स्वतःला समजावत होती. आणि ज्याच्यासाठी हे चालले होते त्याने एवढ्या वर्षांनी हाती आलेली चिठ्ठी अशी घालवली होती. तिने विचारले, हे काय आहे, दीपदादा. धम्मदीपने उत्तर दिले ते तिला नव्हे.

"तुह्या बाजूनं कोनीच दिसलं नाही, दादा," तो म्हणाला. "म्हून."

अविनाशच्या मनात काय झाले ते त्याच्या चेहऱ्यावर लगेच आले नाही. आधी त्याला वाटले, हा पुन्हा चांगुलपणा मिरवतो आहे. निघून जाणाऱ्यांना चांगुलपणा स्वस्त पडतो. पण दीपू कधी मिरवणारा नव्हता. विहिरीवर पोहायला शिकतानाही हा मागे काठाला धरून उभा राही, आणि पुढच्याने गटांगळी खाल्ली की सर्वांत आधी याचा हात येई.

"तिकडंही असंच करत होता का तू?" अविनाशने विचारले. "जो एकटा दिसते त्याच्या मागं उभा राहाचं?"

"तिकडं मत नोतंच. कोन्तं गाणं घ्याचं, कोन्त्या गतीनं घ्याचं, गायक सांगे. इथं मत नाही, तिथं मत नाही." त्याने खांदे उडवले. "हातात चिठ्ठी आली, मले काही सुचलं नाही. दिसलं तेच लिहिलं, दादा. खरं सांगतो."

जनकाबाई उठून आत गेल्या. चहाचे आधण ठेवल्याचा आवाज आला. धम्मशीला त्यांच्यामागे गेली. आई चुलीपाशी नुसती उभी होती. तिने एवढेच सांगितले की, नव्व्याण्णव साली आपणही नाहीच लिहिले होते. हा थांबेल असे वाटले होते. ते कोणाला सांगायचे राहून गेले.

विश्रांतीच्या अर्ध्या तासातली पंधरा मिनिटे अशी गेली. चहा आला. कप हातात असताना मनालीने काकाला गिटार काढायला लावली. अॅम्प्लिफायर नव्हता, त्याशिवाय बासचा आवाज खोलीच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. धम्मदीपने इकडेतिकडे पाहिले, खुर्ची सरकवली आणि गिटारचे डोके भिंतीतल्या सागवानी कपाटाच्या फळीला घट्ट टेकवले. मग तार छेडली.

इंद्रभान यांची पाठ त्याच कपाटाला टेकलेली होती.

त्यांचा कान वर्कशॉपने नेला होता. चौतीस वर्षे लेथ, ग्राइंडर आणि घणांचे आवाज. वरचे सूर आधी गेले. मनाली बोलली की तिचे ओठ हलताना दिसत, शब्द अर्धेच येत. टीव्हीवर त्यांना फक्त माणसांची तोंडे दिसत. आज पाठीतून जे आले ते मात्र पूर्ण आले. खालचा, जाड, गोल सूर, त्यामागून दुसरा, मग तोच पहिला, बरोबर त्याच जागी. त्यांनी डोळे मिटले. शिकाऊ मुलांना ते एक गोष्ट पहिल्या महिन्यातच शिकवत : मोठ्या स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर ठेवा, मूठ कानाशी धरा, आणि वरचा खडखडाट विसरून आतले ऐका. चांगले बेअरिंग गुणगुणते. खराब बेअरिंग अडखळते, आणि ते अडखळणे यंत्र बंद पडण्याच्या महिनाभर आधी कळते. इंद्रभान यांनी अडखळण्याची वाट पाहिली. तीन मिनिटे पाहिली. ते आले नाही.

"हे सगळ्या गाण्यायत असते?" त्यांनी डोळे न उघडता विचारले.

"हाव, बाबा. सगळ्यात."

"मंग मोबाईलवर काऊन नाही आलं?"

"त्याचा स्पीकर एवढासा. एवढा खालचा सूर त्याच्यातून निघतच नाही."

"तू सांगितलं नाही कधी."

"तुमी विचारलं नाही."

इंद्रभान यांनी मान हलवली. हे दोन्ही बरोबर होते. फिटरने बंद झाकणावरून यंत्राविषयी बोलू नये, हे त्यांनी शेकडो मुलांना सांगितले होते, आणि स्वतः मात्र सव्वीस वर्षे झाकण न उघडताच बोलत आले होते. हे त्यांनी उघड म्हटले नाही. "अजून एकडाव वाजव," एवढेच म्हटले, आणि कप खाली ठेवून पाठ आणखी सरळ केली.

अविनाश हे सारे पाहत होता. वडिलांना एखादा आवाज पूर्ण ऐकू आला आहे, हे त्याने फार दिवसांनी पाहिले. त्यांच्यासाठी त्याने गेल्या वर्षी तीन दवाखाने पालथे घातले होते. त्याच्या मनात कडवट काहीतरी उमटले आणि तितक्याच लवकर निवळले. तो उठून धम्मदीपच्या खुर्चीजवळ गेला आणि तारांवरची त्याची बोटे पाहू लागला. घट्टे त्याच्या स्वतःच्या बोटांवर होते तसेच, फक्त जागा वेगळ्या.

"ऐक," तो म्हणाला. "मी पुन्हा नाहीच लिहिनार हाये."

"बरं."

"बरं नाही बे, समजून घे. समद्यायनं हो म्हटलं, तं माह्यासोबत जे झालं ते कोन्त्याच वहीत दिसनार नाही. एक तरी नाही तिथं पाह्यजे. माहं. तुह्या टेकूची गरज नाही त्याले."

"मत उघड सांगू नये," इंद्रभान कपाटाशी बसल्या जागेवरून म्हणाले. हे त्यांना कसे ऐकू आले, कोणास ठाऊक.

"सांगितलं नाही बाबा, चर्चा करून राह्यलो."

"आन् ठराव पडला तं?" धम्मशीलाने विचारले.

अविनाशने तिच्याकडे पाहिले नाही. "पडू नये," तो म्हणाला. "पडला तं मले वाईट वाटन. पन लिहाचं तेच लिहिन."

अकरा वाजून दहा मिनिटांनी सभा पुन्हा बसली. या वेळी मनालीने सहा चिठ्ठ्या दोनदा मोजल्या. शालूबाई वाटत दाराशी आल्या तेव्हा धम्मदीपपुढे त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी रिकामाच हात त्याच्या डोक्यावरून फिरवला आणि पुढे गेल्या. जाताना त्या भावाकडे पाहत नव्हत्या. जागेवर बसून त्यांनी स्वतःची चिठ्ठी लिहिली, इतरांच्या आधी, कोणाचीही वाट न पाहता.

इंद्रभान यांना सर्वांत जास्त वेळ लागला. त्यांनी भिंतीकडे तोंड केले नाही. वहीची पाने मागे उलटून जून १९९९ चे पान काढले, स्वतःच्याच अक्षरातला तो ठराव वाचला, पान मिटले आणि मग पेन उघडले.

घड्या मोजल्या. सहा भरल्या. त्यांनी एकेक उघडून मोठ्याने वाचली, आणि मनालीने वहीत रेघा ओढल्या. तिसरी चिठ्ठी 'नाही' निघाली; ती वाचताना अविनाश ताठ बसला, आणि ती वाचून झाल्यावर त्याने पाठ टेकली. धम्मदीप खिडकीबाहेर पाहत नव्हता. शेवटची चिठ्ठी उघडल्यावर इंद्रभान यांनी ती वाचून वहीवर ठेवली, बेरीज तपासली, आणि सही करण्यापूर्वी निकाल लिहिला.

हो पाच, नाही एक.